भाऊ मानून टाका

आमच्या कंपनीत पन्नाशीच्या पुरुषाचा आवाज चढला की म्हणतात, साहेबांवर लोड आहे. पन्नाशीच्या बाईचा चढला की दोन पोरी एकमेकींकडे बघतात, एक डोळ्यांनीच काहीतरी सुचवते आणि दुसरी ओठ दाबून हसते. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की ती हसायच्या आधीच मला ते हसू दिसतं. ज्या पोरी हसतात त्यांचाही मला राग येतो, हे आधीच सांगून टाकते. माझ्याकडून ज्यांना समजूतदारपणाची अपेक्षा असेल त्यांनी पुढे वाचू नये. समजूतदारपणा पुष्कळ करून झाला.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी आहे. गाडीच्या आत वायरींचे जे जुडगे असतात ते आम्ही बनवतो. वायर कापायची, तिच्या टोकाला पितळी टर्मिनल दाबून बसवायचं, मोठ्या बोर्डावर त्या वायरी अंथरायच्या, टेप गुंडाळायची आणि शेवटी टेस्टिंगला लावायचं. कामाला जवळजवळ सगळ्या बायका. मुलाखतीत सांगतात की बायकांची बोटं नाजूक असतात, काम सफाईदार होतं. मला विचाराल तर बायका मान खाली घालून बसतात, हे खरं कारण. मी विशीत लागले तेव्हा माझीही बोटं नाजूक होती. आता उजव्या अंगठ्याला कायमचा घट्टा आहे आणि मी एका लाइनची सुपरवायझर आहे.

शेजारच्या लाइनचा सुपरवायझर माझ्याहून बराच लहान, चाळिशी नुकती ओलांडलेला. निफाडकडचा. उंच, बोलका, वाढदिवसाला सगळ्यांना केक खिलवणारा. त्याचा राग अख्ख्या प्लांटला माहीत आहे. एकदा दिवाळीच्या आधी माल कमी निघाला म्हणून त्याने टर्मिनलने भरलेला क्रेट जमिनीवर उपडा केला. त्याच्या पोरी जेवणाच्या सुट्टीत गुडघ्यांवर बसून ती बारीक टर्मिनलं वेचत होत्या. प्लांट हेड आले, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला गेटबाहेर टपरीवर चहाला घेऊन गेले. परत आल्यावर मला म्हणाले, “टार्गेटचं टेन्शन आहे बिचाऱ्याला. बीपी वाढतं. तुम्ही जरा सांभाळून घेत जा, ताई.” मी कुठला क्रेट फेकला नव्हता, पण सांभाळून घ्यायचं मी, कारण मी वयाने मोठी.

माझी पाळी तेव्हा जायच्या बेतात होती. दोन-तीन महिने यायची नाही, मग एकदम यायची. त्याचं काही नाही. त्रास होता तो वाफांचा. बसल्या जागी छातीतून गरम वाफ उठायची, मानेवरून कानांपर्यंत चढायची आणि घामाने ब्लाउज, वरचा कंपनीचा एप्रन, सगळं अंगाला चिकटायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं या वयात. हे मलाही माहीत होतं. कंपनीत मी कुणालाही काही सांगितलं नव्हतं. रुमालाने मान पुसत काम करत होते.

आमच्या दोन लाइनींच्या मध्ये एक मोठा स्टँडचा पंखा आहे. शेड पत्र्याची. एप्रिल-मेमध्ये आत उभं राहवत नाही. माझ्या टेस्टिंगच्या टेबलावर ज्या बायका बसतात त्या सगळ्या माझ्याच वयाच्या आसपासच्या, कारण टेस्टिंगला घाईपेक्षा जुनी नजर लागते. घामाने त्यांचे चष्मे नाकावरून घसरायचे. एखादी सैल वायर त्यांच्या नजरेतून सुटली तर कुठेतरी कुणाची तरी गाडी रस्त्यात बंद पडणार. म्हणून पंख्याचं तोंड टेस्टिंगकडे असावं असं मी ठरवलं होतं आणि तो पंखा माझ्या लाइनच्या नावावर होता. हा माणूस जाता-येता तो फिरवायचा. त्याच्या पोरींकडे नाही हं, स्वतःच्या कॉम्प्युटरच्या खुर्चीकडे. मी जाऊन परत फिरवायचे. असं बरेच दिवस चाललं. 

एका दुपारी टेस्टिंगवरची एक जण चक्कर येऊन टेबलावर कपाळ टेकून बसली. बघते तर पंखा पुन्हा तिकडे. मी त्याच्या खुर्चीपाशी गेले.

“पंखा टेस्टिंगवर राहील,” मी म्हटलं. “बाईला चक्कर आलीय.”

“मॅडम, माझ्याकडेपण माणसंच काम करतात.”

“माणसं तिकडे उभी आहेत. वारा तुमच्या खुर्चीला लागतोय.”

बोर्डावरच्या तीन-चार जणी फसकन हसल्या. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उठला, पंख्याची मान धरून हिसक्याने फिरवली आणि चालू मशीनच्या वर आवाज जाईल असा मोठ्याने म्हणाला, “पाळी गेली की बायकांचं डोकंपण जातं. घरी बसा आता, नातवंडं सांभाळा!”

मला नातवंडं नाहीत. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते, तिचं अजून लग्नही झालेलं नाही. आणि गंमत अशी की माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं, की अरे, मला नातवंडं नाहीत. त्याची माहिती चुकली आहे आणि ती दुरुस्त करायला हवी, असं काहीतरी. मग मागे हसू ऐकू आलं. मघाशी त्याला हसल्या त्याच या पोरी, आता मला हसत होत्या. त्यात माझ्याही लाइनच्या दोन होत्या. मी परत फिरले आणि चक्कर आलेल्या बाईला पाणी दिलं. 

आता हे सांगायला हवं की त्याच सुमारास शिफ्ट इन्चार्जची जागा रिकामी होणार होती. जुने इन्चार्ज निवृत्त होणार होते आणि अनुभवाने पुढचं नाव माझं होतं. आमच्या प्लांटमध्ये एवढ्या बायका, पण त्यांच्यावर इन्चार्ज बाई आजवर झाली नव्हती. मला ती जागा हवी होती. हे मी सरळ सांगते, कारण बाईने काही हवं म्हटलं की लोक लगेच विचारतात, घरी काही अडचण आहे का. अडचण काही नव्हती. मला काम येतं, मला लोक सांभाळता येतात आणि निवृत्त होण्याआधी एकदा ती खुर्ची मला हवी होती.

मी लेखी तक्रार दिली. एचआरला एक मुलगी आहे, माझ्या मुलीहून जेमतेम मोठी, प्रत्येक वाक्यात ‘मॅम’ म्हणणारी. तिने माझी तक्रार वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, “मॅम, म्हणजे हा फॅनचा इश्यू आहे का?”

“नाही,” मी म्हटलं. “तो काय बोलला, ते वर लिहिलंय.”

“हो, पण सुरुवात फॅनवरून झाली ना?”

त्या दिवसापासून ते प्रकरण ‘पंख्याचं भांडण’ या नावाने ओळखलं जाऊ लागलं. मी कॅन्टीनमध्ये गेले की डिस्पॅचची पोरं म्हणायची, मॅडमकडे पंखा करा रे. हे नाव कुणी दिलं ते मला कळलं नाही, पण मुद्दा अलगद बाजूला काढायचा असेल तर असं नाव द्यावं. पंख्यावरून भांडणारी बाई म्हटल्यावर पुढे कोण काय विचारणार?

त्याने साफ कानावर हात ठेवले. म्हणे, मी फक्त म्हणालो की मॅडम, जरा आराम करा. एचआरने साक्षीदार विचारला. बोर्डावरच्या सगळ्या जणी तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्या. त्यातली एक चांदवडची मुलगी त्याच्या अगदी शेजारी उभी होती, तिला प्रत्येक शब्द ऐकू गेला असणार. तिने सांगितलं की ती त्या वेळी वॉशरूमला गेली होती. सुटल्यावर मला स्टॉपवर भेटली तेव्हा डोळे भरून आणले.

“मॅडम, माझं कॉन्ट्रॅक्ट हाय. मी सांगितलं आसतं तर उद्या गेटवर घेतलं नसतं मला. तुमी परमनंट हाय, तुमचं काय बिघडत नाय.”

“पण तू हसलीस का?”

“सगळ्या हसल्या म्हणून हसले.”

मला तिची दया यायला हवी होती. नाही आली. रिक्षा आली, मी बसले आणि तिला बस म्हटलंही नाही.

एचआरच्या मुलीने मला पुन्हा बोलावलं. दार लावून घेतलं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि आवाज एकदम मऊ केला. “मॅम, तुम्ही सध्या एखाद्या फेजमधून जाताय का? माझ्या मम्मीलाही होतं असं. खूप चिडते ती. मग आम्ही कुणी मनावर घेत नाही.”

मी तिच्या मम्मीचा विचार केला. घरात ती बाई काहीतरी ओरडून सांगत असेल आणि ही सगळी मंडळी मनावर न घेता टीव्ही बघत असतील. मी म्हटलं, “तुझी मम्मी कशावरून चिडते, ते कधी विचारलंस का?” त्यावर तिने वहीत काहीतरी लिहिलं. बहुतेक ‘चिडल्या’ असं लिहिलं असावं.

पंधरा दिवसांनी आमच्यासाठी ताणतणाव निवारणाचा कार्यक्रम ठेवला. कॉलेज रोडहून एक तरुण गृहस्थ आले. पायात पांढरे बूट, कानाला माइक. त्यांनी पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला बसवल्या. पुरुषांवर जबाबदाऱ्या असतात म्हणून त्यांना ताण येतो, असं त्यांनी सांगितलं. बायकांना भावनांमुळे येतो आणि एका वयानंतर हार्मोन्समुळे. ‘एका वयानंतर’ म्हणताना सगळ्या खोलीने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी आम्हाला डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावला आणि म्हणाले, महिलांनी मनात ठेवू नये, बोलून मोकळं व्हावं. मी हात वर करून म्हटलं, “मी बोलले. लेखी बोलले. कंपनीने साक्षीदार मागितला.” ते गोड हसले आणि म्हणाले, बघा, हाच तो ताण. सगळे हसले. तोही हसला, समोरच्या रांगेत, हाताची घडी घालून.

घरी नवऱ्याला सांगायचा प्रयत्न केला. तो एकलहऱ्याला वीज केंद्रात आहे. तिथे त्याच्या ओरडण्याचे किस्से सांगतात, निरोप समारंभात कौतुकाने सांगतात, साहेब कडक पण मनाने चांगले. मी घरात आवाज चढवला तर तो उठून खिडकी लावतो. त्या दिवशीही त्याने आधी खिडकी लावली आणि मग म्हणाला, “इन्चार्ज व्हायचंय ना तुला? मग कशाला नडतेस? मूग गिळून बस थोडे दिवस.” मी त्या दिवशी भाकरी केली नाही. त्याने बाहेरून मिसळ मागवली आणि माझ्यासाठीही मागवली, म्हणजे त्याच्या दृष्टीने विषय संपला.

मग श्रावण लागला. आमच्याकडे दरवर्षी कॅन्टीनमध्ये राखीपौर्णिमा साजरी करतात. एचआर राख्या आणते, बायका एकाच रंगाच्या साड्या नेसतात, पुरुष सुपरवायझर खुर्च्यांवर ओळीने बसतात, ओवाळणी म्हणून कंपनीचं नाव छापलेला स्टीलचा डबा द्यायचा आणि सगळ्याचे फोटो काढायचे. वर्षभर ज्याच्या शिव्या खायच्या त्याच्या मनगटाला दोरा बांधायचा आणि डबा घेऊन घरी जायचं. मी आजवर सुपाऱ्या, अक्षता, काडेपेटी हे सगळं पुरवण्याचं काम करत आले होते, कारण तेही मोठ्या बाईकडेच असतं.

या वेळी मला प्लांट हेडच्या केबिनमध्ये बोलावलं. एचआरची मुलगी होती आणि तोही होता, पायावर पाय टाकून.

“मॅम, एक छान आयडिया आहे,” ती म्हणाली. “या वेळी तुम्ही सरांना राखी बांधा. स्टेजवर, सगळ्यांसमोर. सगळ्यांना खूप पॉझिटिव्ह मेसेज जाईल.”

“भाऊ मानून टाका, ताई,” प्लांट हेड म्हणाले. “घरात भावाबहिणींची भांडणं होत नाहीत का? तुम्ही मोठ्या आहात. मोठ्या बहिणीने पोटात घालायचं असतं.”

“माझी काय हरकत?” तो म्हणाला. “मी तर त्यांना आधीपासून मोठ्या बहिणीच्या जागीच मानतो.”

“आणि तक्रार?” मी विचारलं.

प्लांट हेडनी पेपरवेट फिरवला. “इन्चार्जसाठी मला एक नाव वर पाठवायचंय, ताई. ज्या नावाला भांडण चिकटलेलं आहे ते नाव मी कसं पाठवू? हे मिटलं की पाठवतो. तुम्हाला कळतंय ना?”

कळत होतं. भाऊ झाला की तक्रार उरत नाही. सहकाऱ्याविरुद्ध चौकशी बसते, भावाविरुद्ध कशी बसेल? आणि मी मोठी बहीण झाले की क्षमा करणं हे माझं कामच होऊन जातं, त्यासाठी त्याला काही करावंही लागत नाही. मागे डिस्पॅचचे दोन पुरुष एकमेकांची कॉलर धरून भांडले होते. दोघांना मेमो मिळाले. त्यांना कुणी म्हणालं नाही की एकमेकांना राख्या बांधा. माझे दोन सख्खे भाऊ आहेत, त्यातला एक फोनसुद्धा करत नाही. तिसऱ्याची मला काही गरज नव्हती.

पण मी हो म्हटलं. जागा हवी होती म्हणून हो म्हटलं. खाली मान घालून बांधायचं, डबा घ्यायचा आणि पुढच्या महिन्यात त्या खुर्चीत बसायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुसरं काही मी योजलेलं नव्हतं. नंतर सगळे म्हणाले की बाईने ठरवून केलं. ठरवून करण्याइतकी हुशारी माझ्याकडे असती तर मी केव्हाच इन्चार्ज झाले असते.

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये फुगे लावले होते. पोरी केशरी साड्यांत, मोबाइल वर धरून. सगळ्यांचं आवरल्यावर आमचा नंबर ठेवला होता. त्याला मधोमध खुर्चीवर बसवलं, डोक्यावर कंपनीची टोपी. मी थाळी घेऊन पुढे गेले. त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या. इतक्या जवळून मी त्याचं तोंड आधी पाहिलं नव्हतं. तोंडाला बडीशेपेचा वास होता आणि तो कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. मी ओवाळायला लागले आणि नेमकी तेव्हाच वाफ उठली. छाती, मान, कान. निरांजनाची धग समोरून आणि ही आतून. घाम कपाळावरून भुवईत उतरला. पुसायला हात मोकळा नव्हता. पहिल्या रांगेतली एक पोर दुसरीच्या कानाला लागली.

मी राखी बांधली. टाळ्या झाल्या. तो माइक घेऊन उठला.

“बोला ताई,” तो म्हणाला, “डबा तर कंपनीचा आहे. माझ्याकडून काय ओवाळणी पाहिजे? आज मागाल ते देतो!”

आणखी टाळ्या, शिट्ट्या. एचआरच्या मुलीने दुसरा माइक माझ्या तोंडाशी धरला. तो तेवढं बोलला नसता तर मी डबा घेऊन खाली उतरले असते.

“वस्तू नको,” मी म्हटलं. “त्या दिवशी पंख्यापाशी मला जे म्हणालात ते इथे परत म्हणा. तीच ओवाळणी द्या.”

पहिल्यांदा काही जण हसले, त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मग हसणं बंद झालं. त्याने प्लांट हेडकडे पाहिलं. “काय म्हणालो होतो बुवा? मला तर आठवत नाही, ताई. सणासुदीला कशाला ते?”

“तुम्हाला आठवत नसेल तर मी सांगते.” आणि मी सांगितलं. त्या माइकवर, सगळ्या कॅन्टीनला ऐकू जाईल असं. पाळी गेली की बायकांचं डोकंपण जातं, घरी बसा, नातवंडं सांभाळा.

मला वाटलं होतं की निदान आता तरी ते वाक्य लोकांना लागेल. मी चूक होते. लोकांना लाज वाटली ती त्याची नाही, माझी. पुरुषांनी खाली पाहिलं. एचआरच्या मुलीने माझ्या तोंडापुढचा माइक झटकन मागे घेतला. मागून एक बाई, माझ्याच वयाची, स्पष्ट म्हणाली, “अगं बाई, पुरुषांसमोर काय हे बोलणं!” मशीनवर तो हे ओरडला होता तेव्हा कुणाला ऐकू गेलं नव्हतं. मी म्हटलं तर तोंडच घाण माझं.

तो हुशार आहे, हे मी मान्य करते. सगळं कॅन्टीन कुठल्या बाजूला झुकलंय हे त्याला माझ्या आधी कळलं. त्याने माइक खुर्चीवर ठेवला, टोपी काढली, दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, “ताई, लहान भावाचं चुकलं असेल तर पदरात घ्या.” आणि माझ्या पाया पडायला वाकला.

चुकलं असेल तर! पण ‘तर’ कुणाला ऐकू आलं नाही. टाळ्या सुरू झाल्या. कुणीतरी ‘वा!’ म्हणालं. पोरींनी मोबाइल पुन्हा वर धरले. प्लांट हेडच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. आता राहिलं होतं ते माझं काम. हात त्याच्या डोक्यावर ठेवायचा, डोळ्यांत पाणी आलं तर उत्तमच. ज्या वयावरून त्याने मला घरी बसायला सांगितलं त्याच वयाच्या आता तो पाया पडत होता. वाक्य परत म्हणण्यापेक्षा त्याला वाकणं सोपं गेलं आणि वाकलेल्या माणसाला काही विचारता येत नाही, हे त्याला माहीत होतं. मला इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता.

मी पाय मागे घेतले.

एकच पाऊल, पण पुरेसं. त्याचे हात फरशीला लागले. तो तसाच वाकून राहिला, मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि त्या वेळी मात्र त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. टाळ्या एका बाजूने थांबत गेल्या. थाळीतलं निरांजन अजून तेवत होतं. मी थाळी टेबलावर ठेवली आणि लाइनवर निघून गेले. माझ्या मागे कुणी आलं नाही.

नंतर मला जे ऐकायला मिळालं त्यात त्याच्या वाक्याचं नावही नव्हतं. सणाच्या दिवशी भाऊ पाया पडतोय आणि बाई पाय मागे घेते, एवढं दगडाचं काळीज? टेस्टिंगवरच्या ज्या बायकांसाठी मी पंखा फिरवत होते त्यासुद्धा म्हणाल्या, मॅडम, तेवढं नको होतं करायला. चांदवडची मुलगी माझ्याकडे बघायचीच बंद झाली. नवऱ्याने व्हिडिओ पाहिला. त्याने खिडकीही लावली नाही, नुसता म्हणाला, “तू अशी नव्हतीस.” मी म्हटलं, “होते. तू खिडकी लावत होतास.”

पुढच्या महिन्यात इन्चार्जची ऑर्डर निघाली, त्याच्या नावाची. त्याने कमीपणा घेतला, मोठेपणा दाखवला, संघर्ष हाताळायची परिपक्वता त्याच्यात आहे, असं वर कळवलं होतं. मी त्याच्या हाताखाली काम करते. तो मला सगळ्यांसमोर ताई म्हणतो आणि माझी सुट्टी नामंजूर करतानाही ताई म्हणतो.

ऑर्डर निघाली त्या दिवशी प्लांट हेडनी मला केबिनमध्ये बसवून चहा मागवला. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, असं मला वाटतं.

“ताई, तुमचं काम कुणी नाकारत नाही,” ते म्हणाले. “पण त्या दिवशी तुम्ही नुसता हात ठेवला असतात ना त्याच्या डोक्यावर, तर आज ही ऑर्डर तुमच्या नावाची असती. एवढंच करायचं होतं हो तुम्हाला.”

मी कप खाली ठेवला. इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी माल वेळेवर काढला होता. नवीन पोरी शिकवून तयार केल्या होत्या, बिघडलेल्या लाइनी रात्रपाळीच्या लोकांकडून घेऊन सुरळीत करून दिल्या होत्या. त्यातलं काही त्यांना नको होतं. त्यांना माझ्याकडून एक आशीर्वाद हवा होता.

“हो, तेवढंच करायचं होतं,” मी म्हटलं. “आणि साहेब, तो परत वाकला तर मी परत मागे सरकेन. हे वर कळवायचं असेल तर कळवा.”